कंपनं मर्यादेत आहेत

बेळ्ळंदूरचं ते घर मला आधी नाकाला आठवतं आणि मग पायांना. तलावावरून येणारा वास इतका रोजचा होता की पाहुण्यांनी नाक मुरडलं तरच आमच्या लक्षात यायचं. साबणाचा फेस, कुजलेली जलपर्णी आणि हजारो घरांचं न्हाणीघरातलं पाणी, असा तो एकत्र वास. तो कपड्यांत बसायचा, पोळ्यांच्या डब्यात बसायचा, पावसाळ्यात तर उशीच्या अभ्र्यातसुद्धा. आई दुपारी मीटिंग सुरू करण्याआधी उदबत्ती लावायची, आणि मग तलाव अधिक मोगरा असा जो तिसराच वास तयार व्हायचा तो मला आजही कुठे आला तर घशाशी येतं. पायांची आठवण नंतरची आहे. ती आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेत खड्डा खणायला सुरुवात झाली तेव्हापासूनची.

घर तुळजाअक्कांचं. त्या खाली राहायच्या आणि आम्ही वर भाड्यानं. त्यांचे पूर्वज कधीतरी सोलापूरकडून इकडे आले होते. किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांचं मराठी त्यांच्या घरापुरतं उरलेलं होतं आणि त्यात कन्नड असं मिसळलेलं होतं की आई सुरुवातीला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायची. मला त्या पुट्टी म्हणायच्या, म्हणजे छोटी. "पुट्टी, स्वल्प थांब, सारू घेऊन जा," अशी जिन्याखालून हाक यायची आणि मी पातेलं घेऊन वर जायचे. हुलग्याचं ते सारू काळपट, दाट, वर लसणाची फोडणी. नागपूरच्या आमच्या घरात असं काही कुणी केलं नव्हतं. बाबा ते वाटीनं प्यायचे आणि म्हणायचे, या बाईंच्या हातामुळे मी या शहरात टिकलो.

बाबा एका सरकारी संशोधन संस्थेत होते. मोठी यंत्रं चालताना त्यांच्याखालच्या काँक्रीटच्या पायाला किती हादरे बसतात, ते जमिनीतून कुठवर जातात, हा त्यांचा विषय. आई बाहेरच्या रिंग रोडवरच्या एका कंपनीचं काम घरातूनच करायची. सगळी दुपार तिच्या खोलीतून इंग्रजी आणि हिंदी ऐकू यायचं, आणि स्वयंपाकघरात आली की तिच्या तोंडून पहिलं मराठी वाक्य निघायचं ते बहुधा "पाण्याचा कॅन आला का?" असं असायचं. प्यायला आम्ही विकतचं कॅनचं पाणी वापरायचो. बाकी सगळं, म्हणजे अंघोळ, भांडी, भाज्या धुणं, दात घासणं, गेटजवळच्या जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्यावर. त्या टाकीला इथे सगळे संप म्हणतात. टँकरवाला त्यात पाणी सोडायचा आणि पंपानं ते वर चढायचं.

खड्ड्यात आधी माती निघाली, मग काळी चिकट गाळाची माती, आणि मग खडक लागला. खडक लागला त्या दिवशी तिथे खडक फोडणारं यंत्र आलं. पोकलेनच्या हाताला लावलेला जाडजूड पोलादी दांडा, तो खडकावर ठक-ठक-ठक-ठक असा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचा. आवाजाची सवय होते. थरथरीची होत नाही. मांडणीतली ताटं एकमेकींना लागून बारीक किणकिणायची. मी अभ्यासाला बसले की पेन टेबलावरून आपणहून सरकायचं. अक्का म्हणायच्या, रात्री अंथरुणावर पडल्यावर यंत्र बंद असतं तरी माझी दाढ हलत राहते.

त्या आठवड्यात गावातल्या एका गवळ्याची गाय व्याली होती आणि अक्कांनी खरवस पाठवला. त्या त्याला गिण्णू म्हणायच्या. गूळ-वेलदोड्याचा, तपकिरी, ताटलीत जाडसर जमलेला. बाबांनी तो कापण्याआधी माझ्यासमोर ठेवला आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या विषयातलं काही समोर आलं की ते असेच लहान मुलासारखे व्हायचे. त्यांनी खरवसावर एक वेलदोडा उभा रोवला. मग ताटलीच्या कडेला चमच्यानं टिचकी मारली. ताटली हललेली दिसलीच नाही. खरवस मात्र थरथरला आणि वेलदोडा डुलायला लागला.

"ताटली म्हणजे खडक," ते म्हणाले. "कठीण असतो, त्यातून हादरा भराभर पळतो, पण हलतो थोडाच. मग तो वरच्या मऊ थरात शिरतो. तलावाचा जुना गाळ. तिथे त्याचा वेग पडतो आणि झोका मोठा होतो. त्यात प्रत्येक थराची हलण्याची आपापली लय असते. यंत्राचे ठोके त्या लयीशी जुळले तर झोका आणखी वाढतो. आणि वेलदोडा कोण?"

"आपण," मी म्हणाले.

"शाबास," असं म्हणून त्यांनी वेलदोडा काढून तोंडात टाकला. इतकं चांगलं मला पुढे कुठल्याही शिक्षकानं काही शिकवलं नाही. हे मी अजूनही मान्य करते, आणि म्हणूनच पुढचं जे घडलं ते माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही.

गल्लीतल्या लोकांनी तक्रार केली तेव्हा बिल्डरनं हादरे मोजायला आपला सल्लागार पाठवला. तो निघाला मिलिंदकाका, बाबांचा नागपूरच्या कॉलेजातला मित्र. मोजणीच्या दिवशी तो आमच्याकडेच जेवायला होता. आईनं पाटोड्यांचा रस्सा केला होता, झणझणीत, वर तर्री आलेली. मिलिंदकाका येताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला. आमचं कॅनचं पाणीही त्याला चाललं नाही. तो जेवताना बोलायचा आणि बोलताना बोटं चाटायचा. एकेक बोट मुळापर्यंत तोंडात घालून सावकाश बाहेर काढायचा, आणि त्याच हातानं पोळी उचलायचा. माझं ताटातलं लक्ष उडालं. "तुमच्या अक्काबाईंचं घर काही पडत नाही बे," तो बाबांना म्हणाला. "जुनी माणसं उगाच घाबरतात. आकडे बघ, किती खाली आहेत."

आकडे खाली असणारच होते. सकाळी शाळेत जाताना मी त्यांचं हादरे मोजायचं यंत्र पाहिलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला जमिनीतून वर आलेला उघडा खडक आहे, त्यावर शेंदूर लावलेला एक छोटा मारुती. त्या मारुतीच्या पायाशी त्यांनी मोजणीयंत्र ठेवलं होतं. खड्ड्यापासूनचं अंतर आमच्या घराइतकंच, कागदावर एकदम बिनचूक. मी ताटावरून म्हणाले, "बाबा, त्यांनी ताटलीवर ठेवलं. खरवसावर नाही ठेवलं."

मिलिंदकाकाला काही कळलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जेव," एवढंच म्हणाले.

कारण मला त्याच संध्याकाळी आईकडून समजलं. शेजारी उभ्या राहणाऱ्या त्या इमारतीत नवव्या मजल्यावर आमचं घर नोंदवलेलं होतं. मिलिंदकाकानंच शब्द टाकून मिळवून दिलेलं. काम थांबलं की ताबा लांबणार. आईनं हे सांगितलं ते आनंदाची बातमी म्हणून. योग्य वेळी मला सांगायचं त्यांनी राखून ठेवलं होतं. "तुला स्वतंत्र खोली," ती म्हणाली. मी रात्री जेवले नाही, ते रस्स्यामुळे आहे असं तिला वाटलं आणि तिनं मला ताक दिलं.

दोन-चार दिवसांनी अक्का जिन्यात बाबांची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरपी भेग गेली होती. बिल्डरची माणसं येऊन तिच्यात पांढरी लांबी भरून गेली होती. अक्कांनी मिलिंदकाकाला विचारलं नाही, बिल्डरला विचारलं नाही. त्यांनी बाबांना विचारलं. "सर, तुम्ही या कामातले. तुम्ही सांगा. काही होत नाही की?"

मी बाबांच्या मागे दप्तर घेऊन उभी होते. बाबा म्हणाले, "नाही अक्का. कंपनं मर्यादेत आहेत."

"मग सरी, ठीक," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी पाहिला. त्या आत जाऊन आमच्यासाठी चकल्यांचा डबा घेऊन आल्या. बाबांनी तो घेतला. माणूस त्या वेळी डबा कसा घेऊ शकतो, हा प्रश्न मी या वयातही सोडवते आहे. चकल्या चांगल्या होत्या. बाबांनी खाल्ल्या, आईनं खाल्ल्या. मी कपाटात ठेवलेल्या माझ्या वाट्याच्या चकल्यांना वास लागला तेव्हा त्या फेकून दिल्या.

पाण्याला वास कधी यायला लागला ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. तलावाचाच वास, असं सगळे म्हणायचे. बादलीत पाणी काढलं की वर बारीक तवंग दिसायचा. आईनं तुरटी फिरवली. माझ्या टूथब्रशला चिकट लागायला लागलं. केस धुतले तरी धुतल्यासारखे वाटायचे नाहीत. आईच्या हातांवर बारीक पुरळ उठलं आणि तिनं साबण बदलला. आम्ही वर कॅनचं पाणी पीत होतो. अक्का मात्र जन्मभर संपाचंच पाणी पीत आल्या होत्या, फडक्यातून गाळून, मातीच्या घड्यात भरून. विकतचं पाणी त्यांना मेलेलं वाटायचं.

एका सकाळी त्या खालून हाक मारायच्या थांबल्या. मी पातेलं परत द्यायला गेले तेव्हा त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालेलं होतं. अंगाला ओकारीचा आंबट वास येत होता. "पुट्टी, तोंड कडू पडलंय," त्या म्हणाल्या. आईनं मीटिंग टाकून त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. कावीळ होती, आणि ती त्या वयाला झेपेल की नाही हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. पाण्यातून झाली असेल, तुमचा संप उघडून बघा, असं त्यांनी आईला सांगितलं.

दुपारी संपाचं लोखंडी झाकण काढलं. मी तिथे नको होते, पण मला कुणी हटकलं नाही. झाकण सरकताच जो भपकारा आला त्यानं संप साफ करायला आलेला माणूससुद्धा दोन पावलं मागे सरला. पंपानं पाणी उपसलं तसं तळाशी करडं, बुळबुळीत, जाड सायीसारखं काहीतरी दिसायला लागलं. त्यात केसांचे गुंते होते, विरघळलेले कागद होते, आणि जे होतं त्याला नाव द्यायची गरज नाही. संपाच्या भिंतीला आडवी भेग होती आणि तिच्यातून सावकाश, अगदी निवांत, एक काळसर धार आत झिरपत होती. याच पाण्यानं मी सकाळी चूळ भरली होती. आई गेटला धरून वाकली आणि ओकली. मला ओकारीही आली नाही. माझ्या तोंडात नुसतं पाणी सुटत राहिलं आणि ते गिळायचं की थुंकायचं ते कळेना, कारण थुंकीसुद्धा त्याच पाण्याची वाटत होती.

बाबा ऑफिसातून आले आणि पँट दुमडून स्वतः शिडीनं आत उतरले. टॉर्च घेऊन बराच वेळ आत होते. वर आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत त्या सायीनं भरलेले होते. ते बोलायला लागले, आणि आवाज तोच होता, खरवसाच्या वेळचा. "वरचा थर सगळा भरावाचा आहे ना. सैल माती. सैल मातीला सतत थरथर दिली की ती दाटत जाते आणि खाली बसते. डब्यातले पोहे हलवल्यावर बसतात तसं. सांडपाण्याचा पाइप त्या मातीवरच टेकलेला. माती बसली, पाइपचा सांधा निसटला, इकडे भिंत तडकली..."

"सुहास, गप्प बस," आई म्हणाली.

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"संपाचं माहीत नव्हतं, अनू."

"मोजणीचं माहीत होतं."

 त्यांच्या पायांवरून ते गळत होतं आणि अंगणातल्या फरशीवर त्याचं डबकं होत होतं. मला त्यांची किळस आली. पायांची नाही. पाय धुता आले असते. ज्या तोंडातून ते सगळं इतकं नीट, क्रमवार समजावून सांगत होते त्या तोंडाची आली. पुढे त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं, कुठल्याही घाणीला कधी नाक मुरडलं नाही. पण एखादी गोष्ट समजावून सांगायला त्यांनी तो आवाज लावला की मी खोलीतून उठून जायचे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी संस्थेतून त्यांचं मोजणीयंत्र आणलं आणि अक्कांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, फरशीवर, भेगेच्या खाली ठेवलं. मग मिलिंदकाकाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, हातात बाटली होतीच. बाहेर यंत्र ठोकत होतं आणि अक्कांच्या फडताळातली पितळी भांडी वाजत होती. बाबांनी त्याला आकडे दाखवले. त्यानं ते पाहिले, चष्मा काढला, पुसला.

"इथे कशाला ठेवलंस?" तो म्हणाला.

"माणूस इथे राहतो म्हणून."

"म्हातारी काविळीनं पडली, त्यात हादऱ्यांचं काय?"

"चल, संप दाखवतो."

"नको," मिलिंदकाका पटकन म्हणाला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "अबे सुहास, तू तिथे नवव्या मजल्यावर राहणार आहेस. तुझाच ताबा लांबेल. आत्ताच हे कुठून सुचलं?"

"लांबू दे. खडक फोडणं बंद कर. तारेच्या करवतीनं कापा. मधे चर खणा, हादरे अडतील. संप आणि सांडपाण्याची लाइन नवी करून द्या. नाहीतर हे आकडे घेऊन मीच पालिकेत जातो."

मिलिंदकाका जाताना बाटलीतल्या पाण्यानं उंबऱ्याबाहेर हात धुऊन गेला. त्यानं कशालाही हात लावला नव्हता.

काम बंद पडलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा खडक कापत होते, ठोकत नव्हते. संप नवा झाला, लाइन नवी झाली. अक्का वाचल्या. परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या आणि काही दिवस नुसती भाताची पेज प्यायच्या. घडा त्यांनी फोडून टाकला. बाबांना वाटत होतं की आता झालं ते झालं. मला वाटत नव्हतं. मी त्यांना म्हणाले, तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. मग ते खाली गेले. मी दारात उभी राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, मारुतीपाशी ठेवलेलं यंत्र, नवव्या मजल्यावरचं घर, काहीही न वगळता. अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या.

ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "तुम्ही वर कुठलं पाणी पीत होता?"

"कॅनचं," बाबा म्हणाले.

अक्कांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पिवळेपणा अजून नखांतून गेला नव्हता. मग म्हणाल्या, "पुट्टी येऊ दे. तिची आई येऊ दे. तुम्ही खाली येऊ नका, सर."

आम्ही तिथे आणखी बरेच महिने राहिलो आणि बाबा अक्कांच्या दारात कधी गेले नाहीत. जिना बाहेरूनच होता. सारू येत राहिलं, पण लहान पातेल्यातून, दोघींपुरतं. आईनं पहिल्यांदा त्यातलं बाबांना वाढलं तेव्हा त्यांनी वाटी बाजूला सारली आणि दहीभात खाल्ला. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी केलेली ती सगळ्यांत सभ्य गोष्ट होती. तरीही नवव्या मजल्यावरचं घर काही त्यांनी सोडलं नाही. आईनं सोडू दिलं नसतं, असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, मला विचारलं कुणी?

सामान हलवायला टेम्पो लागला तो अक्कांच्या गेटपासून शेजारच्या गेटपर्यंत जाण्यापुरता. अक्का बाहेर आल्या, आईला हळदकुंकू लावलं, मला जवळ घेतलं. त्यांच्या पदराला फोडणीचा वास होता. बाबा गेटच्या खांबाशी हात जोडून उभे होते. अक्का त्यांच्यापाशी जाऊन थांबल्या तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "सर, स्वल्प सरका. गेट लावायचंय."

नवं घर स्वच्छ होतं, वास कमी होता, आणि मला खरंच स्वतंत्र खोली मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्कांच्या घरापलीकडच्या मोकळ्या जागेत दुसऱ्या कुणाचा तरी खड्डा सुरू झाला आणि एका रविवारी दुपारी, आम्ही जेवत असताना, खालून तो आवाज वर आला. ठक-ठक-ठक-ठक. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी डाव्या हाताचा तळवा फरशीवर टेकवला, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ अनू," ते म्हणाले, "इथे काहीच जाणवत नाही. आपला पाया थेट खडकात आहे."

 मी उठून गॅलरीत गेले. खाली अक्का घरातून बाहेर आल्या होत्या. अंगणात स्टूल टाकून त्या घराकडे तोंड करून बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, यंत्र बंद पडायची वाट बघत. मी आत येऊन बाबांना म्हणाले, "या, बघा."

ते आले नाहीत.